सगळेच शहाणे, तरी दुकान रिकामं

ठाण्यात 'उद्या चोवीस तास पाणी नाही' असा निरोप फिरला की आदल्या संध्याकाळी काय होतं, हे कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनला विचारा. पिंप भरतात, बादल्या भरतात, मग कळशी, कुकर, पातेली आणि शेवटी बाळाचा आंघोळीचा टब. रात्री दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरचे नळ सूं सूं करायला लागतात आणि गच्चीवरची टाकी संपते. पाणी उद्या जाणार होतं, ते आजच गेलं. रोजच्या बेताने वापरलं असतं तर तीच टाकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी पुरली असती. परवा पाणी आलं की भरून ठेवलेल्यातलं निम्मं 'शिळं' म्हणून मोरीत जातं, ते वेगळंच.

शिवाय ठाणे शहराला पाणी एकाच वाटेने येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आहे, एमआयडीसी आहे, थोडं मुंबई महापालिकेकडूनही येतं. दुरुस्ती एका वाटेवर असते आणि तेवढ्याच भागाचं पाणी बंद होतं. निरोप मात्र सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जातो. भागांची नावं असलेली ओळ फारसं कुणी वाचत नाही. ज्यांचं पाणी जाणारच नाही तेही पिंप भरून बसतात.

यात चुकलं कोण? प्रत्येक घराने दोन बादल्या जास्त भरल्या, एवढंच. त्यात ना लोभ आहे ना वेडेपणा. संकटकाळात दुकानं रिकामी होण्याचं कोडं असं आहे. आपण त्याला 'लोकांना अक्कल नाही' या एका वाक्यात संपवतो, पण बहुतेक वेळा उलटं असतं. बहुतेक जण आपापल्या जागी बऱ्यापैकी शहाणपणाने वागत असतात, फक्त सगळे एकाच संध्याकाळी वागतात.

२४ मार्च २०२०ची संध्याकाळ आठवा. रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण सुरू झालं आणि मध्यरात्रीपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू होणार असं कळलं. त्याआधी १९ मार्चच्या भाषणात 'साठा करायची घाई करू नका' असं सांगून झालं होतं. तरी नऊ वाजायच्या आत शहराशहरांतून वाण्याच्या दुकानापुढे, औषधाच्या दुकानापुढे, दुधाच्या केंद्रापुढे माणसं जमली. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या घोषणेने त्या रात्री गर्दीच केली. दुकानं सुरू राहणार आहेत, किराणा, दूध, औषधं मिळत राहणार आहेत, हे लोकांपर्यंत नीट पोहोचेपर्यंत पिशव्या भरून झाल्या होत्या.

त्या रात्री घरातून पिशवी घेऊन निघालेल्या माणसाचा हिशेब मांडून बघू. समजा त्याने पाच किलो आटा जास्त घेतला आणि पुढे तुटवडा झालाच नाही. नुकसान काय? दोनेकशे रुपये आधी खर्च झाले, ओट्याखाली जागा अडली, फार तर पोरकिडे झाले. आता समजा त्याने घेतला नाही आणि खरंच तुटवडा झाला. मग घरात लहान मूल आहे, म्हातारी आई आहे आणि डबा रिकामा आहे. पहिली चूक किरकोळ, दुसरी भयंकर. उद्या तुटवडा होण्याची शक्यता दहात एक असली, तरीही जास्तीचा आटा घेणं त्याला परवडतं. हा विम्याचा हप्ता आहे आणि तो स्वस्त आहे.

माणसाचं मन या हिशेबाला आणखी जोर देतं. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं की मिळवल्याचा आनंद आणि गमावल्याचं दुःख आपण सारख्या मापाने मोजत नाही. गमावणं जास्त टोचतं. त्यातच, जी वस्तू संपत चालली आहे ती आपल्याला उगाचच जास्त चांगली वाटते. १९७५मध्ये अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना दहा बिस्किटं असलेली बरणी दिली, काहींना दोनच बिस्किटं असलेली. बिस्किटं एकाच प्रकारची होती, पण दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं. आधी दहा दाखवून नंतर दोनच ठेवली, तेव्हा तर त्याची किंमत आणखी वाढली. दुकानात कालपर्यंत भरलेला फडताळाचा कप्पा आज निम्मा दिसला की आपल्याला जे होतं, ते हेच.

पण हे सगळं एकट्या माणसाच्या डोक्यातलं झालं. खरा खेळ पुढे आहे. बाजारात माल भरपूर आहे याची मला शंभर टक्के खात्री असली, तरी मी रांगेत लागेन. कारण मला माहीत असलं तरी शेजारच्या काकूंना माहीत आहे का? नसेल तर त्या घेणार, आणि त्या घेणार असतील तर उद्या मला मिळणार नाही. काकूंनाही खरी परिस्थिती माहीत असते, पण त्यांना माझी खात्री नसते. अशा रीतीने सगळं ठाऊक असलेली दोन शहाणी माणसं एकमेकांच्या भीतीने दुकानात भेटतात. दोघांनीही घेतल्यावर कप्पा रिकामा होतो, आणि मग दोघंही म्हणतात, 'बघा, बरं झालं आधीच घेतलं!'

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८मध्ये या प्रकारावर लिहिलं तेव्हा त्यांचं उदाहरण बँकेचं होतं. बँक धडधाकट आहे, पण ती बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार एकदम पैसे काढायला येतात, आणि बँकेकडे सगळ्यांना एकदम द्यायला रोकड नसल्याने ती खरोखर बुडते. खोटी बातमी लोकांच्या वागण्याने खरी होते. याचं गणित पुढे १९८३मध्ये डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी मांडलं, आणि २०२२चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना बेन बर्नान्की यांच्यासोबत मिळालं. त्यांच्या मांडणीतला आपल्या कामाचा भाग इतकाच: अशी धावाधाव थांबवायची तर 'घाबरू नका' म्हणून भागत नाही, 'तू शेवटी आलास तरी तुझा वाटा तुला मिळेल' अशी हमी लागते. ठेवींवरचा विमा ती हमी देतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०२०पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. तुरडाळीला असा विमा नसतो. त्याबद्दल पुढे बोलू.

पंपावरचं गणित

१ जानेवारी २०२४. नव्या भारतीय न्याय संहितेतल्या एका तरतुदीने देशभरचे ट्रकचालक बिथरले होते. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. टँकरचालकही आंदोलनात उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात. संध्याकाळपर्यंत राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, आणि २ जानेवारीच्या रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटण्याची चिन्हं दिसली तेव्हा बऱ्याच पंपांवर 'पेट्रोल संपले आहे'ची पाटी लागलेली होती.

एका-दोन दिवसांच्या संपात पंप कोरडे कसे पडतात? कागद-पेन्सिल घ्या. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. एका शहरात एक लाख दुचाक्या आहेत. प्रत्येकीच्या टाकीत पाच लिटर मावतं आणि माणूस एक लिटर उरलं की भरतो, म्हणजे एका वेळी चार लिटर. हे चार लिटर सहा दिवस पुरतं. म्हणजे एरवी रोज साधारण १६-१७ हजार गाड्या पंपावर येतात आणि मिळून ६६-६७ हजार लिटर नेतात. पंपांची साठवण, टँकरच्या फेऱ्या, पंपावरची पोरं, सगळं या आकड्याला बेतलेलं.

आता संपाची बातमी येते आणि सगळे एकाच दिवशी टाकी भरायला निघतात. कुणीही कॅन आणलेला नाही, कुणीही साठेबाजी करत नाही. सरासरी टाकीत तीन लिटर आहेतच, म्हणून प्रत्येक जण जेमतेम दोन लिटर घेतो, रोजच्या निम्मं. तरी एकूण विक्री होते दोन लाख लिटर, म्हणजे तिप्पट, आणि रांग लागते सहापट. दोन तास रांगेत उभं राहून दोन लिटर पेट्रोल. तीन दिवसांचं पेट्रोल एका दिवसात पंपाच्या टाकीतून लोकांच्या टाक्यांत गेलं. शहरातलं एकूण पेट्रोल एका थेंबानेही कमी झालं नाही. ते फक्त पार्किंगमध्ये जाऊन बसलं. मात्र ज्या रिक्षावाल्याची टाकी त्या दिवशी खरंच रिकामी होती, त्याचा धंदा बुडाला.

हेच किराण्याचं. ब्रिटनमध्ये मार्च २०२०मध्ये सुपरमार्केटं रिकामी झाली तेव्हा वर्तमानपत्रांत गाडीभर माल नेणाऱ्यांचे फोटो छापले गेले. खरेदीचा अभ्यास करणाऱ्या कँटार या संस्थेने आकडे पाहिले तेव्हा पास्ता घेणाऱ्यांत अवाच्या सवा घेणारे जेमतेम तीन टक्के निघाले. बाकीच्यांनी एखादं पाकीट जास्त घेतलं होतं आणि दुकानाची एखादी फेरी वाढवली होती. म्हणजे खलनायक शोधायला गेलं तर हाती आपलीच पिशवी येते.

आणि त्या काळातली सगळी वाढीव खरेदी भीतीची नव्हतीच, हे कुणी फारसं सांगत नाही. ठाण्याहून रोज लोकलने मुंबईला जाणारा माणूस दुपारचं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खातो, चहा टपरीवर पितो. मुलाचा एक खाऊ शाळेत होतो, कॉलेजच्या मुलीचा वडापाव बाहेर. टाळेबंदीने ही सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ घरी बसवली. त्या घराला पीठ, तेल, साखर, चहा, साबण खरोखरच जास्त लागणार होतं. हॉटेलांच्या आणि कॅन्टीनच्या पोत्यांतला माल तसाच पडून होता, पण पन्नास किलोचं पोतं आणि पंधरा किलोचा तेलाचा डबा घरोघरच्या पाव किलोच्या पुड्यांत एका रात्रीत बदलत नाही. परदेशात ज्या टॉयलेट पेपरची आपण थट्टा केली, त्याचंही एक कारण हेच होतं: ऑफिसातला वापर बंद, घरातला वाढला.

मीठ

खरा तुटवडा, संभाव्य तुटवडा आणि निव्वळ आवई यांत फरक करायला हवा, आणि निव्वळ आवईचं मिठासारखं उदाहरण नाही.

८ नोव्हेंबर २०१६ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. तीन दिवसांनी, ११ तारखेला, उत्तर प्रदेश-दिल्लीकडे मीठ संपल्याची अफवा पसरली. किलोला दोनशे, चारशे रुपये झाले म्हणे. घरात मोजक्या शंभराच्या नोटा उरलेल्या असताना लोकांनी त्या मिठावर घातल्या. केंद्र सरकारने तातडीने सांगितलं की तुटवडा मुळीच नाही. खरंच नव्हता: जगातल्या सर्वांत मोठ्या मीठ-उत्पादक देशांपैकी आपण एक, आणि त्यातलं तीन-चतुर्थांशाहून अधिक एकट्या गुजरातचं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांशेजारून रोज जाणाऱ्या माणसाला मिठाच्या तुटवड्याची भीती दाखवणं तसं अवघडच. पण भीतीला भूगोल येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपण दुप्पट खातो असं धरलं तरी चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वा किलो पुरतं. दहा किलो मीठ घरात आणणाऱ्याने आठ महिन्यांचं आणलं. मग मीठच का? कारण ते स्वस्त आहे, नासत नाही आणि त्याच्यावाचून अडतं. भीती वाटते तेव्हा माणसाला काहीतरी करायचं असतं. नोटा बदलून मिळतील की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, मिठाचं पाकीट होतं. २०११मध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा चीनमधल्या लोकांनी आयोडीनयुक्त मीठ उचललं, किरणोत्सारापासून वाचवेल म्हणून. त्या मिठात आयोडीन इतकं थोडं असतं की औषधाच्या मात्रेइतकं पोटात जायला काही किलो मीठ एका दमात खावं लागेल.

अफवेला कुठली वस्ती मानवते, यावर जपानचं एक जुनं प्रकरण बोलकं आहे. १९७३च्या तेलसंकटात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ओसाकाजवळच्या सेन्री न्यू टाउनमध्ये टॉयलेट पेपर संपणार अशी बातमी उठली आणि गृहिणींनी दुकानं धुऊन नेली. मग ते लोण देशभर गेलं. सेन्री म्हणजे आपल्या सिडकोच्या नवी मुंबईसारखं आखून वसवलेलं शहर: एकसारख्या इमारती, एकसारखी घरं, एकाच वयाची कुटुंबं, जवळपास तीच ती दुकानं. एका जिन्यात कळलं की सगळ्या जिन्यांत कळतं. तेव्हा तर व्हॉट्सअॅपही नव्हतं. ऐरोली, खारघर किंवा घोडबंदर रोडवरच्या चाळीस-चाळीस मजली संकुलांत अफवेला आज किती मिनिटं लागतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

'साठा मुबलक आहे'

अशा वेळी प्रशासन एक ठरलेलं वाक्य बोलतं: 'जीवनावश्यक वस्तूंचा साठा मुबलक आहे, नागरिकांनी घाबरून खरेदी करू नये.' वाक्य बहुधा खरं असतं. तरी त्याचा परिणाम उलटा का होतो? कारण त्यात दोन बातम्या आहेत. पहिली, साठा आहे. दुसरी, लोक घाबरून खरेदी करत आहेत. ऐकणाऱ्याला दुसरी ऐकू येते.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात दगड झालेल्या प्राचीन लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे' अशा अर्थाची पाटी असलेल्या वाटेवर चोरी जास्त झाली, आणि 'कृपया नेऊ नका' इतकंच सांगणाऱ्या पाटीच्या वाटेवर कमी. बाकीचे काय करतात हे सांगितलं की माणूस तेच करतो, तुम्ही ते कितीही नाक मुरडून सांगा. रिकाम्या कप्प्यांचे फोटो टाकून 'काय हे लोक!' म्हणणारा प्रत्येक जण या पाटीचं काम करत असतो. मला यात सगळ्यात जास्त राग वृत्तवाहिन्यांचा येतो. एकच रिकामा कप्पा दिवसभर, तोही लाल पट्टीसह!

मग काय सांगावं? नेमकं सांगावं. 'मुबलक' हा शब्द कुणालाही धीर देत नाही. 'वाशीच्या बाजारात आज भाजीच्या इतक्या गाड्या आल्या, उद्या पहाटे इतक्या अपेक्षित आहेत, अमुक भागातली दुकानं सात ते अकरा उघडी आहेत' हे देतं. वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती मुंबई-ठाण्याचं पोट आहे: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, धान्य, मसाला अशा पाच बाजारांतून रोज शेकडो गाड्यांचा माल पुढे जातो. मे २०२०मध्ये कोरोनाचे रुग्ण वाढल्याने हा बाजार ११ ते १७ तारखेपर्यंत बंद ठेवावा लागला होता. म्हणजे लोकांची चिंता नेहमीच हवेतली नसते. तेव्हा शेतकऱ्यांच्या गटांनी थेट सोसायट्यांच्या फाटकावर भाजी आणून दिली. ज्यांना टेम्पो कधी येणार याचा वार आणि वेळ कळली होती, त्यांनी तीन पिशव्या भरल्या नाहीत.

ही भीतीची खरेदी दुकानदाराच्या बाजूनेही घडते, फक्त आकडे मोठे. वाणी एरवी आठवड्याला दहा पेट्या मागवतो. या आठवड्यात वीस खपल्या, म्हणून तो पुढच्यासाठी तीस सांगतो. कमी मिळतील हे धरून चाळीस. वितरकाला असे पन्नास वाणी, तो कंपनीला त्याहून फुगवून सांगतो. कारखान्यापर्यंत पोहोचेतो ग्राहकाच्या एका जास्तीच्या पाकिटाचं डोंगराएवढं मागणीपत्र झालेलं असतं. मग माल येतो, तोवर घरं भरलेली असतात आणि कुणी घेत नाही. सॅनिटायझरचं आठवा. मार्च २०२०मध्ये मास्क आणि सॅनिटायझर सरकारला जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालावे लागले, दोनशे मिलिलिटरच्या बाटलीला शंभर रुपयांची कमाल किंमत ठरवावी लागली. वर्ष-दोन वर्षांनी त्याच बाटल्या 'एकावर एक मोफत' करूनही कुणी हात लावेना.

किंमत वाढू दिली तर लोक आपोआप कमी घेतात, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. कमी घेतात खरं, पण ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत ते. माझ्या मते इथे या प्रश्नाचं खरं दुखणं आहे. घरात पंधरा दिवसांचा माल एकदम भरायला तीन गोष्टी लागतात: हातात रोकड, ठेवायला जागा, आणि बातमी आल्याबरोबर दुकान गाठता येईल असा मोकळा वेळ. ठाण्याच्या मजूर नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणाऱ्या माणसाकडे तिन्ही नसतात. वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भे-दिघ्याच्या वस्तीतल्या घरात संध्याकाळची मजुरी आली की पाव किलो तेल, अर्धा किलो तांदूळ, दहा रुपयांचा मसाला अशी खरेदी होते. तो दुकानात पोहोचतो तेव्हा मोठ्या इमारतींची खरेदी आटोपलेली असते. उरलेलं महाग पडतं. त्याने काहीही साठवलेलं नसतं आणि दंड त्यालाच बसतो.

व्यापाऱ्यांच्या साठ्यावर १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने मर्यादा घालता येते. ऑक्टोबर २०२०मध्ये कांद्याचे भाव चढले तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा आली होती. घरातल्या माळ्यावर किती कांदे आहेत हे बघायला कुणी येत नाही, आणि येऊही नये.

घर भरण्याची आपली जुनी रीत

गंमत म्हणजे, साठवण करणं मराठी घराला नवीन नाही. एप्रिल-मे आला की वर्षाचे गहू-तांदूळ भरायचे, उन्हं द्यायची, तांदळाला बोरिक पावडर, तुरडाळीला एरंडेल, डब्यात कडुलिंबाचा पाला. सोबत तिखट, हळद, पापड, कुरडया. आजही नौपाड्यातल्या किंवा कळव्यातल्या कित्येक घरांत हे चालतं, आणि जांभळी नाक्याच्या धान्य-मसाल्याच्या दुकानांत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचं धान्य घरात, तरी कधी तुटवडा झाल्याचं ऐकलं नाही.

कारण ही खरेदी सुगीनंतर होते, माल बाजारात उतू जात असताना. व्यापाऱ्याला तिचा अंदाज असतो, तो तयारीत असतो. आणि जे घर मे महिन्यात भरलेलं असतं, ते पुढे संकट आलं तर रांगेत येतच नाही. त्याची जागा दुसऱ्याला मिळते. एकच पोतं शांत काळात घेतलं तर सगळ्यांच्या सोयीचं आणि घबराटीत घेतलं तर सगळ्यांच्या मुळावर. काही देशांचं सरकार हे उघडपणे सांगतं: जर्मनी नागरिकांना सुमारे दहा दिवस पुरेल इतकं अन्नपाणी घरात असू द्या म्हणते, फिनलंडमध्ये ७२ तास स्वतःच्या बळावर काढता यावेत असा संकेत आहे. हे संकटाच्या रात्री सांगितलं तर आगीत तेल, एरवी सांगितलं तर उपयोगी. एकदम नाही, दर महिन्याच्या यादीत एखादा किलो जास्त, जुना आधी वापरून नवा मागे ठेवायचा, इतकं पुरतं.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी धान्याचा ठेव-विमा म्हणजे रेशन. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य. एप्रिल २०२०पासून काही काळ त्यावर आणखी पाच किलो मोफत. शिवभोजन थाळीचा दर त्याच सुमारास दहावरून पाच रुपयांवर आणला गेला. रेशनच्या दुकानाबद्दल तक्रारी शंभर आहेत, त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या आहेत. पण आपल्या नावाचं धान्य कार्डावर लिहिलेलं आहे आणि पंधरा तारखेला गेलो तरी ते असेल, एवढा भरवसा असला की पहिल्या तारखेला कुणी धक्काबुक्की करत नाही. जिथे तो भरवसा नाही तिथे पहाटे पाचला पिशव्यांची रांग लागते.

सोसायट्यांमधली नवी पिढी आता उलट्या दिशेला निघाली आहे. घर लहान, ओटा लहान, माळा इंटिरियरवाल्याने बंद केलेला, आणि कोथिंबिरीपासून तुरडाळीपर्यंत सगळं दहा मिनिटांत दाराशी. घरात दोन दिवसांपलीकडचं काही नसतं. त्या कंपन्यांची गोदामं वस्तीतच, बेताच्या आकाराची, दिवसातून काही वेळा भरली जाणारी. आठशे घरांच्या संकुलात एखाद्या रात्री अफवा आली तर दुकानापर्यंत चालत जायलाही नको. पलंगावर बसल्या बसल्या सगळ्यांना एकाच क्षणी 'उपलब्ध नाही' दिसेल आणि त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या क्षणी ग्रुपवर असेल. या व्यवस्थेत एक सोय मात्र आहे. एका घराला दोनच पाकिटं, ही मर्यादा वाण्याला गल्ल्यावरून ओरडून सांगावी लागते आणि तरी मावशी आधी सुनेला, मग मुलाला पाठवतात. अॅपमध्ये ती एका बटणाने लागते, कुणाशी वाद न घालता. ती रात्री नऊला लावली तर अकरा वाजता येणाऱ्यालाही दूध मिळेल, आणि साडेनऊला लावली तर बहुधा नाही.